शेजारच्या सीटचा बिरादार

बालाजी बिरादारने आमच्या कंपनीच्या बसमध्ये पहिल्याच दिवशी असा गुन्हा केला, की नानाभाऊ ड्रायव्हरने भर हायवेवर गाडी बाजूला घेतली. बिरादार तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसला होता.

तुम्ही चाकणच्या कारखान्यात कधी नोकरी केली नसेल, तर यात गुन्हा कुठे, असं तुम्हाला वाटेल. कंपनीच्या बसमध्ये सीटवर नावं नसतात, नियम कुठे लिहिलेला नसतो, पण प्रत्येक सीट कुणाची तरी असते. माणूस रजेवर गेला तरी त्याची सीट रिकामी जाते आणि मागे दोघंतिघं उभे राहून प्रवास करतात. तिसऱ्या रांगेतली खिडकी पेंट शॉपच्या देशमान्यांची होती. देशमाने दिवाळीत रिटायर झाले होते, ते सोडा.

"ओ पाव्हनं," नानाभाऊ आरशातून म्हणाले, "ती शीट देशमान्यांची हाय."

"देशमाने कुठं हायत?"

"रिटायर झालं."

"मग इथं का बसायचं नाही?"

"कोन बसत न्हाई."

"का?"

"देशमान्यांची हाय म्हनून."

"ते परत येणार हायत का?"

"न्हाई."

"मग का?"

मॅनेजरला तोंडावर उलट बोलणारे आमचे एकेक गडी, पण सगळे आपापल्या डब्यांची झाकणं तपासू लागले. माझ्या शेजारची सीट मात्र खरोखर कुणाचीच नव्हती. मी फार बोलते असा माझ्याविषयी अपप्रचार आहे. म्हटलं, "ये रे बाबा, इकडे बस. नाहीतर सगळ्यांची हजेरी बुडवशील."

तो आला, बसला, आणि कंपनी सोडेपर्यंत तिथेच बसत राहिला.

बिरादार उदगीरचा. किडकिडीत, शर्ट कायम एक माप मोठा, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा भाव. क्वालिटी विभागात होता. एखादा पार्ट खराब निघाला की 'का' असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं, ही आमच्याकडची रीत. भोक तिरकं का पडलं? ड्रिल हलला. का हलला? असं करत पाचव्याला खरं कारण सापडतं. बाकीचे ही पद्धत गेटच्या आत वापरतात आणि घरी जाताना हेल्मेटबरोबर काढून ठेवतात. बिरादारने ती कधीच काढली नाही. चहा गार का, पासून लोक लग्न का करतात, इथपर्यंत सगळीकडे त्याचे पाच 'का' तयार. म्हणायचा, "पहिला 'का' तोंडाला विचारायचा असतोय, अक्का. पाचवा पोटाला."

मला तो अक्का म्हणायचा. मी मंदाकिनी, स्टोअरमध्ये. पण ती माझी पोटापुरती ओळख. खरी ओळख म्हणजे कामगार नाट्यस्पर्धेत वर्षानुवर्षं गाजलेली सवत, खाष्ट सासू आणि हडळ, तिन्ही मीच. बक्षीस बहुतेक वेळा उत्तेजनार्थ मिळालं, परीक्षकांची समज तेवढीच. तर अशा बाईच्या शेजारी बसून बिरादारने एके दिवशी मोबाइल पुढे केला. "अक्का, एवढं वाचून दाखवता का? माणूस बोलल्यासारखं वाटायलंय का बघायचंय."

"काय आहे हे?"

"गेम लिहायलोय."

मला वाटलं, बंदुका, गाड्या. "नाही ओ अक्का," तो म्हणाला. "गोष्टच असतीय. चित्र बघायचं, खाली वाचायचं. मधीच विचारतंय, आता काय करणार? तुम्ही सांगाल तशी गोष्ट वळती."

गोष्ट आमच्याच बसची होती. तुम्ही पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये नवीन. रोज सकाळी चढायचं आणि कुणाच्या शेजारी बसायचं ते निवडायचं. पुढे वृंदा नावाची शांत, गोड मुलगी. तिच्याशेजारी बसलात तर सगळं छान. दुसऱ्या कुणाशेजारी बसलात, की दुसऱ्या दिवशी तो माणूस बसमध्ये नसतो. तुम्ही इतरांना विचारता आणि ते म्हणतात, "कोण?" मग त्या माणसाचा स्टॉपही नाहीसा होतो. कुरुळीवरून बस निघते ती थेट आळंदी फाट्याला, मधला रस्ताच नाही. आणि शेवटी बसमध्ये फक्त तुम्ही आणि वृंदा उरलात, की ती तुमच्याशी बोलू लागते. गेममधल्या प्रवाशाशी नाही, तुमच्याशी. "काल तू दुसरा गेम खेळत होतास ना?" असं गोडीगुलाबीने विचारते.

मी दचकले. "मेल्या, हे सुचलं कुठून?"

"त्या देशमान्यांच्या सीटवरनं," तो म्हणाला. "माणूस गेलाय, सीट हाय, आणि का म्हणून विचारलं तर कुणी सांगंना गेलंय. मला त्या दिवशी तुमच्या बसची लई भीती वाटली, अक्का."

चाकण रोडवर आमची बस तासतासभर एका जागी उभी असते. त्या वेळात मी त्याची सगळी पात्रं वाचली. हातवारे करून, आवाज बदलून, वेळप्रसंगी सीटवरून अर्धी उठून. वृंदा वाचताना तर मी अशी काही कुजबुज काढत असे, की वेल्डिंगची पोरं मान वळवून बघत. बिरादार ऐकायचा आणि अंगठ्याने वाक्यं खोडायचा. माझ्या आवाजात जे वाक्य अडखळलं, ते गेलं. त्याच्या लिहिण्याची पहिली श्रोती मी, पहिली नटी मी, पहिली चाळणी मी. ही जागा माझी होती, आणि आमच्या बसमध्ये जागा कशी धरून ठेवतात ते तुम्हाला सांगितलंच आहे.

गेम त्याने इंटरनेटवर फुकट टाकला. नाव 'शेजारची सीट'. चित्रं रेशनकार्डावरच्या फोटोंसारखी, संगीत म्हणजे एक भुणभुण. तरी तो पसरला. कॉलेजची पोरं लिहू लागली, की आम्हाला बसमध्ये बसवत नाही. कॅन्टीनमध्ये एका ट्रेनीने बिरादारकडून हेल्मेटवर सही घेतली! मी हडळ केली होती तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं हसली होती. एवढी वर्षं तोंडाला राख फासून मला जे जमलं नाही, ते या माणसाने स्टेजवर पाऊल न ठेवता केलं. मी जळले. आमच्या शेगडीला चार बर्नर आहेत, त्या चारही बर्नरांनी जळले. आणि रोज सकाळी त्याच्या शेजारी बसून पुढचं पान मागत राहिले.

मग बाणेरच्या एका गेम कंपनीने त्याला बोलावलं. 'शेजारची सीट' नव्याने काढायचा, सजवून. नवी चित्रं, खरं संगीत, शिवाय काही नव्या गोष्टी, ज्यांत कुणीच नाहीसं होत नाही. ही माणसं एकमेकांची मित्र कशी झाली, तेवढंच त्यांत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पात्रांना आवाज!

वृंदा कोण करणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी बर्फ सोडला, ज्येष्ठमध चघळायला लागले. मोशीत आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगून झालं. आमचे हे म्हणाले, "त्यानं तुला विचारलंय का?" मी म्हटलं, "सूर्याला उगवायला कुणी विचारतं का?"

पुढच्या आठवड्यात टाइम ऑफिसची रेश्मा स्टोअरच्या खिडकीशी आली. ही मुलगी कंपनीच्या लाउडस्पीकरवर सूचना देते. "कृपया लक्ष द्या. बी शिफ्टच्या बसेस गेट नंबर दोनवरून सुटतील." आग लागली तरी ती ह्याच आवाजात सांगेल. वर ना खाली, भिंतीला चुना लावल्यासारखा सपाट.

"ताई," ती म्हणाली, "घसा बसू नये म्हणून तुम्ही काय घेता हो?"

"का गं?"

"बिरादार सरांच्या गेममध्ये वृंदा करतेय ना मी."

मी हसले. रंगमंचावर मला इतकं चांगलं हसू कधी आलं नव्हतं. म्हटलं, "ताक पी हं बाळा. थंडगार. भरपूर."

दुसऱ्या दिवशी बस चिंबळी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि मी बिरादारकडे वळले.

"वृंदा मला का नाही?"

त्याने मोबाइल खिशात ठेवला. "तुम्ही केली तर लोक टाळ्या वाजवतील, अक्का."

"मग त्या का नकोत?"

"टाळ्या वाजवणारा भीत नसतोय."

"का?"

"त्याला ठाऊक असतंय, बाई नाटक करायलीय. मजा यायलीय त्याला."

"आणि त्या रेश्माची भीती का वाटावी?"

"तिला नाटक येतच नाही की ओ. ती 'माझ्याशेजारी बस' असं म्हणती, तेव्हा बस सुटायची वेळ सांगायलीय असं वाटतंय. अंगावर काटा येतोय, अक्का."

बसमधले सगळे खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करत होते, तेही वाईट. मी शेवटचा प्रश्न विचारला. "हे मला तू आधी का सांगितलं नाहीस?"

पुढचा ट्रक हलला, आम्ही हात-दोन हात सरकलो, परत थांबलो.

"तुम्ही शेजारी बसायचं सोडलं असतं," तो म्हणाला.

मी उठले आणि देशमान्यांच्या सीटवर जाऊन बसले.

नानाभाऊंनी आरशात बघितलं. "ताई, ती शीट..."

"का?" मी म्हटलं. त्यांनी आरसा फिरवून घेतला.

बरेच दिवस मी तिथेच बसले. सीटची गादी दबलेली होती, देशमाने वजनदार गृहस्थ. मागे बिरादार एकटा वाक्यं पुटपुटायचा आणि मला इथून कळायचं की ती अडखळताहेत. एकदा तर "क्रियापद आधी घे रे" असं ओठांवर आलं होतं, ते मी ज्येष्ठमधाबरोबर गिळलं. मग एका सकाळी तो स्वतःहून आला आणि दांड्याला धरून उभा राहिला. एवढी जागा रिकामी असूनही माझ्याशेजारी बसला नाही. नुसता मोबाइल पुढे केला.

नव्या गोष्टींपैकी एक होती. गोदाक्का नावाची बाई. स्टोअरमधली. अखंड बोलणारी, नवख्याला बसमध्ये हाक मारून जवळ बसवणारी, प्रत्येकाची नक्कल करणारी. "सूर्याला उगवायला कुणी विचारतं का?" हे वाक्यसुद्धा होतं. आमच्या ह्यांनी फितुरी केली होती.

"पण जुन्या गेममध्ये ही तर पहिल्याच दिवशी नाहीशी होते," मी म्हटलं. तिथे गोदाक्काला जेमतेम चार वाक्यं होती.

"व्हायलाच पाहिजे की."

"का?"

"जो चढतोय तो आधी तिच्याच शेजारी बसतोय. वृंदा सगळ्यात जास्ती जळती ती तिच्यावर."

मी त्याच्याकडे बघितलं. झोपेतून उठवल्यासारखा तोच चेहरा. माणूस इतक्या साधेपणाने खुशामत करत असेल तर तिला बळी पडणं हे कर्तव्य ठरतं. गोदाक्का मी केली. बाणेरच्या स्टुडिओत मुलं इतकी हसली, की काही वाक्यं पुन्हा घ्यावी लागली. बिरादार काचेपलीकडे हसत नव्हता. त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

गेम आला, गाजला. वृंदाच्या आवाजाविषयी लोकांनी पानंच्या पानं लिहिली. गोदाक्काला मिळालं 'सो क्यूट' आणि एक बदाम. रेश्मा आजही लाउडस्पीकरवर बसच्या वेळा सांगते आणि आता ट्रेनी पोरं ते ऐकून एकमेकांना चिमटे काढतात. मी स्टोअरच्या खिडकीतून बघते आणि दात खाते.

बिरादारला बंगळूरला नोकरी लागली, फक्त गेम लिहायची. शेवटच्या दिवशी त्याने बसभर पेढे वाटले. मला दोन दिले आणि उतरताना म्हणाला, "अक्का, जातो नाही म्हणत, येतो." आणि गेला. त्याला माझ्यासारखं एक्झिट घेता येत नाही.

मी गेम स्वतः खेळले ते तो गेल्यावर, एका रविवारी दुपारी. रेश्मा ऐकायची तर वृंदाला चिडवणं भाग होतं, आणि वृंदाला चिडवायचं तर गोदाक्काशेजारी बसणं भाग होतं. म्हणजे त्या पोरीचा अभिनय ऐकायला मला माझ्याच हाताने मला पुसावं लागलं. बसले. दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली. "गोदाक्का कुठे आहे?" हे मी निवडलं. रेश्मा म्हणाली, "कोण?"

तेवढंच. एक शब्द, चुन्याच्या भिंतीसारखा. मी भर दुपारी उठून दाराची कडी लावली.

मग बिरादारला फोन केला. "चांगली केलीय रे तिने," मी म्हटलं. हे वाक्य उच्चारायला मला जो त्रास झाला, त्याची नोंद कुठल्याही परीक्षकाने घेतलेली नाही.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "मला माहीत होतं तुम्हाला कळणार."

इकडची तिकडची चौकशी झाली. नवा गेम लिहायला घेतला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिथे तुझं लिहिलेलं वाचून कोण दाखवतं?"

"हायत एक बाई. अकाउंट्समधल्या. बेळगावच्या."

"कशी वाचते?"

बिरादारला खोटं बोलता येत नसे, आणि तो चांगला श्वासभर थांबला. "तुमच्यासारखं नाही, अक्का."

म्हणजे बरी वाचत होती. मी फोन ठेवला आणि बेळगावच्या त्या बाईचा, जिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही, मनापासून द्वेष केला. चहा केला. चहातसुद्धा तो उतरला. मग पुन्हा फोन लावला.

"बिरादार, पुढचं पान मला पाठव. आधी मला."

या खेपेला त्याने 'का' विचारलं नाही. पान काल आलं. दुसरं वाक्य अडखळतंय, ते मी त्याला कळवलंय. बाकी ठीक. आणि बेळगावच्या बाईंना त्याने ते अजून दाखवलेलं नाही. मी विचारून घेतलंय.