फळीवरचा काळा डबा

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या घरी उन्हावर अन्न शिजवायची सौरपेटी आली. काचेचे झाकण, वर आरसा, आत जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, चार डबे, बाहेरून काळे रंगवलेले. आमच्या भंडाऱ्याकडे बाईची पारख फळीवरच्या भांड्यांवरून होते. दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी विटेच्या भुग्याने तीन डबे घासून लख्ख केले. चौथा मी त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"काहून वं, जळके डबे फळीवर ठेवतंस? पाहुणे काय म्हणतीन?"

त्या दिवशी घासलेल्या डब्यांत अकराला ठेवलेला भात दोनपर्यंत कच्चाच राहिला. शेजारीण हसली, "पेटीत कोंबड्या बसव, बाई. अंडी तरी भेटतीन." सासूबाईंनीही निकाल दिला : उद्या भात झाला नाही तर पेटी कोंबड्यांना.

चुलीच्या धुरात माझे रोज अडीच तास जात. ते मला परत हवे होते.

दुसऱ्या दिवशी एक काळा डबा घेतला, एक घासलेला. दोन्हीत एकेक वाटी तांदूळ, दोन-दोन वाट्या पाणी. साडेदहाला पेटी उन्हात ठेवली आणि सासूबाईंना शेजारी बसवले.

"आई, उन्हात सगळे रंग असतात. चकचकीत डबा ते परत फेकतो, म्हणून चमकतो. काळा एकही परत देत नाही. सगळे गिळतो आणि तापतो. तापल्यावर त्यातूनही किरण निघतात, पण त्यांच्या लहरी लांब, लाल रंगाच्याही पलीकडच्या. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि काचेतून बाहेरही जात नाहीत."

"दिसत नाही, त तुले कसं समजलं?"

"चुलीपुढे हात धरता, तेव्हा आच दिसते का?"

त्या पेटीजवळ सरकून बसल्या.

एक वाजता पेटी उघडली. सासूबाईंनी दोन्ही डब्यांतले एकेक शीत बोटांत दाबले. काळ्यातले मऊ झाले होते. घासलेल्यातल्या शितात अजून कणी होती. त्यांनी पुन्हा दाबून पाहिले. कणी होतीच.

"शिजला," त्या म्हणाल्या. "पण हा डबा मांग ठेव. लोकाले दिसू नये."

मी त्याच संध्याकाळी बाकीचे तीन डबे काळे रंगवले आणि चारही फळीवर पहिल्या रांगेत, पाण्याच्या पितळी गुंडांपुढे मांडले. पाहुण्यांनी विचारले, तेव्हा त्यातलाच भात त्यांना वाढला. डबे अजून तिथेच आहेत.