आईच्या कानाची पुंगळी

वेंगुर्ल्यात जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊन पुंगळीमेस्त्रींकडे गेलं, की ते आधी गाडीकडे बघतच नसत. विचारत, "घराक वाट कोण बघता तुझी?" कोणी नाही म्हणणाऱ्याला ते आधी लग्न करून ये म्हणून परत पाठवत.

सायलेन्सर हा शब्द त्यांना मान्य नव्हता. "गप करूचा काम माजा नाय. इंजन नुसता बोंबालता, बोलता ती पुंगळी!" पत्रा कापून, वळवून, झाळून ते ती घडवत. दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे कोंबडी गिळलेल्या अजगरासारखी फुगीर. हे पोट किती फुगवायचं त्यावर गाडीचा आवाज ठरे. पुण्याची पोरं नुसत्या फटफटाटासाठी हटून बसली, की मेस्त्री म्हणत, "फटाके व्हये? दिवाळेक ये."

पुंगळी बसवली की मेस्त्री गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसत. वाट बघणारं माणूस जिथे बसे, तिथेच. गिऱ्हाइकाने गाडी वळणावरून आणायची आणि यांनी ऐकायचं. शिरोड्याच्या एका मास्तरांच्या बायकोला नवरा नेमका तव्यावर बांगडा टाकायच्या वेळी ऐकू यायला हवा होता. मास्तर दुपारभर फेऱ्या मारत राहिले. आवाज जमला तेव्हा बांगडे संपले होते आणि मेस्त्री हात धूत होते.

बाबा गेले आणि त्यांची गाडी माझ्याकडे आली. खाऱ्या हवेने तिच्या पुंगळीची चाळण झाली होती. मी नोकरीला कणकवलीला. मी परत येईपर्यंत आई ओसरीवर बसून राही, अन्नाला शिवत नसे. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती, आणि मला तिची धास्ती वाटू लागली होती. मेस्त्रींना हे सांगितलं. बाबांची पुंगळी त्यांनीच केलेली, तिचा आवाज त्यांना तोंडपाठ. मोठ्या हौसेने त्यांनी हुबेहूब तशीच घडवली.

मी वळणावरून आलो. आई धावत बाहेर आली, तिच्या हातात बाबांचा टॉवेल होता. मला बघितलं आणि ती पायरीवरच बसली.

मेस्त्रींचा चहाचा कप हातातच राहिला. "वयनी, चुकलंय मी," ते म्हणाले. "गेलेल्याचो आवाज जित्याक दिलंय." फडक्याने धरून त्यांनी तापलेली पुंगळी तिथेच सोडवली आणि काखोटीला मारून चालते झाले. नवी होईपर्यंत मी एसटीने गेलो.

नवीचं पोट लहान होतं, आवाज उतावळा. "ह्यो तुझो," मेस्त्री म्हणाले. "बापाशीपेक्षा जरा आगाव आसा." मग आईशेजारी बसून त्यांनी माझ्याकडून फेऱ्यांवर फेऱ्या मारून घेतल्या. दर फेरीला तिला विचारत, "ह्यो कोण?"

"झील माझो," आई म्हणायची. शेवटी तर ती हसायलाच लागली.

"मगे वळणार ह्यो आवाज ऐकलास की ताट वाढून घ्या. तो इलो म्हणजे इलोच."

आईने ऐकलं. हळूहळू तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

गेल्या वर्षी मेस्त्री गेले. त्यांना पोचवून मी संध्याकाळी वळणावरून गाडी घेऊन घरी आलो, मागल्या दारी अंघोळ केली आणि आत गेलो. मेस्त्री गेल्याचं तिला सकाळीच कळलं होतं. आई जेवत होती. डाव्या हाताने सारखे डोळे पुसत होती, पण जेवत होती.