बूट दाराबाहेर

भाड्याचं घर बघायला गेली की ती दारात बूट काढायची. इथे परदेशात घर बघायला तुम्हीही अशा रांगेत उभे राहिला असाल: शनिवारची सकाळ, फुटपाथवर तीस-चाळीस माणसं, एजंट घड्याळाकडे बघतोय. आणि ही बाई पायरीवर बसून लेस सोडतेय.

एजंट म्हणायचा, "राहू देत, नो वरीज."

"हाऊस इज हाऊस, मेट," ती म्हणायची. मागची रांग हसायची. घर दर वेळी दुसऱ्यालाच मिळायचं.

वेंटवर्थव्हिल उपनगराजवळ वृद्धांच्या केअर होममध्ये आम्ही एकत्र काम करायचो. मी तिला ताई म्हणायचो. म्हाताऱ्यांना अंघोळ घालावी तर तिनेच. तिचं भाड्याचं घर मालकाने विकलं, तेव्हापासून ती शिफ्टच्या तासभर आधी येऊन स्वतःची अंघोळही तिथेच उरकायची. कुठे राहतेस विचारलं तर म्हणायची, "आहे रे सोय."

ती सोय मला एका सकाळी दिसली. दुकानांमागच्या कार पार्कमध्ये तिची जुनी गाडी, काचांना आतून टॉवेल लावलेले, आणि मागच्या दाराशी जमिनीवर तिचे बूट, जोडीने नीट ठेवलेले.

दिवसभर माझं डोकं तापलेलं होतं. आठवड्याला पाच शिफ्ट करणारी बाई गाडीत झोपते, आणि आपण सगळे तिथेच गाड्या लावून कोथिंबीर आणायला जातो.

मग जवळच्या गिरावीनमधली एक जागा मीच शोधली. मालकांच्या घरामागची दोन खोल्यांची ग्रॅनी फ्लॅट. मालक मराठी. आम्ही दोघं बघायला गेलो, चहा आला. "आपलीच माणसं," ते म्हणाले. मग तिचं आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गणपती बसवता ना घरी?"

"नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"अच्छा. आमचं तसं काही नसतं हो. फक्त आईचं जरा सोवळं असतं. कळवतो."

आई पुण्यात होती.

तिने कप ठेवला, बाहेर जाऊन लेस बांधल्या. गाडीत म्हणाली, "गोरा एजंट निदान आडनावावर अडत नाही रे. त्याला ते वाचताच येत नाही." आणि हसली. मला हसू आलं नाही. मी तिथे गप्प बसून चहा संपवला होता. त्या चहाची चीड अजून गेलेली नाही.

दोन आठवड्यांनी ती शिफ्टला आली नाही. फोन बंद, कार पार्कमधली जागा रिकामी. रोस्टरवर दुसरं नाव आलं. बारा नंबरच्या खोलीतली आजी अजून तिच्याशिवाय अंघोळीला उठत नाही.

त्याच सुमारास मालकांचा फोन आला. "फ्लॅट रिकामीच आहे. तुमच्यासारखं कुणी असेल तर बघा ना." माझं आडनाव त्यांना चाललं होतं. येतो म्हणालो.

ओल्या लॉनवरून मुद्दाम चालत गेलो. दार उघडून ते म्हणाले, "या, या. बूट तेवढे बाहेर काढा."

"बूट घराच्या दारात काढतात," मी म्हणालो, आणि चिखलाच्या बुटांनी तसाच आत गेलो.