अण्णांचा शेवटचा हुकूम

"बाई, मास्तरसाब गुजर गये," अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कोठी मोहल्ल्यातल्या माझ्या सासरी येऊन सांगितलं, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूपभर तांदूळ संपवूनच उठले. बाप जाऊन महिनाच झालाय, लेकीनं असं लिहू नये, कळतं मला... पण खोटं लिहवत नाही.

अण्णा संस्थानी फौजेत हवालदार होते. फौज बरखास्त झाल्यावर शाळेत कवायतीचे मास्तर झाले. मलकपेठेतल्या माझ्या माहेरी रोज सकाळी ओसरीवर हजेरी व्हायची. आईसुद्धा पदराला हात पुसत रांगेत उभी राहायची. माझा धाकटा भाऊ वसंत, त्याचे तळपाय सपाट म्हणून सैन्यभरतीत नाकारला गेला. त्या दिवसापासून हजेरीत अण्णांनी त्याचं नाव घेतलं नाही. आईचं घ्यायचे, माझं घ्यायचे आणि पाठ फिरवायचे. तो तसाच उभा. माझं लग्न होईपर्यंत मी हे रोज पाहिलं. आई एकदा रडत म्हणाली, "अहो, पोराला एकदा हाक तरी मारा." अण्णा म्हणाले, "जो देशाच्या कामाचा नाही, तो माझ्या काय कामाचा?"

लष्करशाही म्हटलं की लोकांना तोफा दिसतात. मला आमची ओसरी दिसते. माणसं कामाची आणि बिनकामाची अशी निवडायची, आणि निवडणाऱ्याला कुणी 'का' म्हणून विचारायचं नाही... आम्हीही विचारलं नाही. घरात हे चालतं, तर देशात चालायला कितीसा वेळ?

पुढे भाषावार प्रांतरचनेत आमच्या राज्याचे तुकडे झाले, वसंतची कचेरी औरंगाबादला गेली. तिथून तो अण्णांना पत्रं लिहायचा. त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही.

आपल्या अंत्ययात्रेचा हुकूमही अण्णांनी लिहून ठेवला होता. कुणी रडायचं नाही, तिरडी कवायतीच्या चालीनं न्यायची. अग्नीचं मडकं पुतण्याकडे, खांद्याला चार विद्यार्थी, सगळ्यांची नावं होती. वसंतचं नव्हतं.

तार मिळताच वसंत आला. त्यानं तो कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि पुढच्या खांदेकऱ्याला बाजूला सारून तिरडीला खांदा दिला. बाकीचे तिघं 'लेफ्ट, राइट' करत निघाले. वसंत हमसाहमशी रडत, वाटेल तशी पावलं टाकत होता. "कदम मिलाओ, भाई!" मागचा खेकसला. वसंतनं मिळवलीच नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत अण्णांचं डोकं गदागदा हलत गेलं. मी दारातून पाहत होते, आणि मला बरं वाटलं.