अख्तरीबाईचा अंगठा

अख्तरीबाई चुडीवाली चोर आहे, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. जंगलपट्टीतल्या या लहानशा दवाखान्यात मी नर्स म्हणून आले तेव्हापासून बघत होते. बाई बाळंतपणाला आली, की ही हजर! साबणाचा फेस लावून तिच्या बांगड्या एकही न फोडता काढायची, पिशवीत टाकायची अन् चालू पडायची. बाजारात पुन्हा विकत असणार, दुसरं काय! एकदा सगळ्यांदेखत मी तिच्या पिशवीची झडती घेतली. चिंध्यांत बांधलेल्या बांगड्यांच्या पुरचुंड्या निघाल्या. पुरावाच तो! कोणाच्या म्हणून मी विचारलंसुद्धा नाही.

मग सुकरी बाळंतपणाला आली. अख्तरीबाईनं तिच्या बांगड्या काढल्या अन् मी अख्तरीबाईला दाराबाहेर काढलं. बाळ झालं, पण सुकरीचं रक्त थांबेना. हात सुजलेले, सुईसाठी शीर सापडेना. दंडाला पट्टा आवळला तेव्हा डाव्या मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला, एक जाड शीर दिसली. देव पावला म्हटलं अन् सुई उचलली.

"सिस्टर, तिथी टोचू नोका!" दारातून अख्तरीबाई ओरडली.

"तू बाहेर हो आधी!"

"ते शीर नाई, ठोके देते ते! सातव्या महिन्यात चुडा भरला मी हिले, तवा अंगठ्याखाली धडधड लागली. पट्टा सोडा, बोट ठेवून पाहा. मंग हाकला मले."

हिची ही हिंमत! रागारागातच पट्टा सोडला, बोट ठेवलं. खरंच धडधडत होती. धमनी! दुसरा हात चाचपून चाचपून एक बारीक शीर शोधली, सुई तिथं लावली अन् औषध सोडलं. रक्त थांबलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, ही धमनी स्नायूंच्या खाली असते. एखाद्याच्या हातात जन्मतःच वर, कातडीला लागून येते. तिच्यात औषध गेलं असतं तर बोटं काळी पडली असती, हातही गेला असता. अन् सुकरी धान रोवणारी बाई.

सुकरी घरी निघाली त्या दिवशी अख्तरीबाईनं एक पुरचुंडी सोडली अन् सातव्या महिन्याच्या त्याच हिरव्या बांगड्या तिच्या हातांत परत भरल्या. एकही कमी नाही. सगळ्यांच्याच ती अशा जपते, बाळंतिणीनं रिकाम्या हातानं घरी जाऊ नये म्हणून. एरवी फाटकाबाहेर भरायची, मी कधी तिथवर गेलेच नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा, बाई," म्हटलं. ती हसली.

पण आजही आली, की ती दारातच थांबते. मी नको नको म्हणत असते, तरी पिशवी माझ्यासमोर उघडून धरते. "पाहून घ्या, सिस्टर," म्हणते, अन् मगच आत जाते.