जिन्यावरच्या बाईचा तुकडा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. अंबडला नव्या कंपन्या येत होत्या, तो तिकडे लागला होता. मी द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये झाडलोट करायचे — एवढंच त्याला माहीत.

त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पडदे ओढून जुने परदेशी मुके सिनेमे दाखवत. कोणी कपाट उघडी, तर आत समुद्र. डोक्याच्या जागी घड्याळ असलेला पाहुणा जेवायला बसे. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार? पण सिनेमा संपल्यावर बघायला आलेले सर लोक अर्थावरून भांडत, तेव्हा ध्यानात आलं — त्यांनाही कळत नाही. आणि पडद्यावर कोणी बोलतच नसे. मला चारचौघांत शब्द फुटत नाही. तिथे त्याची लाज वाटली नाही.

हे सगळं दौलतकाकांमुळे. ते मशीन चालवायचे. हात थरथरायचे, म्हणून रीळ गुंडाळायला, तुटलेली फिल्म चिकटवायला त्यांनी मला शिकवलं. ‘मागच्या खुर्चीवर बस गं,’ म्हणायचे, ‘झाडू काही पळून जात नाही.’

एका सिनेमात एक बाई जिना उतरता उतरता हवेत पाय टाकते आणि छपरांवरून चालत जाते. तो सिनेमा परत जायचा होता. पुन्हा कुठे दिसणार होती ती मला? रीळ गुंडाळताना मी — कसं लिहू — मी ती कापली. वीतभर. टोकं चिकटवली, तुकडा पोलक्यात लपवला.

महिन्याने, सिनेमा जिथे परत गेला तिथून तक्रारीचं पत्र आलं — रिळातला तुकडा गायब. सिनेमे मागवणाऱ्या सरांनी काकांना बोलावलं. त्या रिळाला दोघांचेच हात लागले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

‘माझ्याच हातून तुटली, साहेब,’ ते म्हणाले. ‘हात थरथरतो हल्ली.’

त्यांना मशीनवरून काढलं. मी बोलले नाही. कामाच्या भीतीने? नाही — रविवार जातील म्हणून. जाताना म्हणाले, ‘खुर्ची सोडू नकोस.’ मी सोडली नाही. पुढे कितीतरी वर्षं पाहिलं, पोट भरून पाहिलं. आयुष्यात इतकं कोणी मला दिलं नाही.

काका आता नाहीत. तुकडा बिस्किटांच्या डब्यात आहे. खिडकीशी धरला की दिसते ती, नखाएवढी, एक पाय हवेत.

काकांनाही ती आवडायची.