बारा फूट वायर

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत कितीतरी बंगल्यांचे दिवे हरेशच्या हातून लागलेत. जामसरचा हा वायरमन मुळात अबोल. बायको चिमी गेल्यापासून तर तोंडाला कुलूपच. रडला नाही म्हणून लोक त्याला दगड म्हणाले. दगड कसला! माणूस आतून बधिर झाला होता. जेवलो की नाही, हेही त्याला आठवत नसे.

चिमी वैशाखात गेली. मागच्या खोलीतली, बल्बकडून वीज परत नेणारी न्यूट्रल वायर उंदरांनी कुरतडली होती. ती नव्याने ओढायची सोडून या कारागिराने गावोगाव चालतो तो जुगाड केला: मागच्या दाराबाहेर लोखंडी सळई ठोकली आणि बल्बची दुसरी वायर तिला गुंडाळली. जमीन वाळली की बल्ब मिणमिणायचा. मग सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं. ते काम चिमीचं.

"वायर कधी वढशील?" ती विचारायची.

"उद्या."

वर्षभर त्याचा उद्याच चालला होता. लोकांच्या बंगल्यांत मात्र हा वेळेवर हजर. एका संध्याकाळी चिमी अनवाणी पाणी ओतायला गेली आणि सळईतल्या विजेने तिला धरलं.

त्याच दिवशी त्याने सळई उपटून फेकली. लेक योगिता ठाण्याला इस्पितळात कामाला; तिला सांगितलं, खांबावरच्या लाइनमध्येच बिघाड होता. तिने विश्वास ठेवला, लाइनवाल्यांना शिव्या घातल्या. हरेश ऐकत राहिला.

तेव्हापासून मागची खोली अंधारीच. दिवाळीला आलेल्या योगिताला ते बघवेना. पुढच्या खोलीत मीटरजवळच्या प्लगवर तिने नेटचा डबा लावून ठेवला आणि परवा आपल्या फोनवरून चालणारा स्विच पाठवला. "तू दिवा लावत नाय ना, बाबा? मी इथून लावीन."

आज दुपारी हरेशने जुना बोर्ड उघडला. आत दोनच वायरी: एक येणारी, एक बल्बकडे जाणारी. या नव्या स्विचला न्यूट्रलही लागते. मीटरपाशी ती होती, तिथला प्लग तिच्यावरच चालला होता. त्याने टेप धरली. बारा फूट. वायरचं उरलेलं भेंडोळं गेल्या वर्षापासून माळ्यावर पडून होतं. ती ओढून नव्या स्विचला आणि बल्बला जोडायला अर्धा तास लागला. हरेश घड्याळाकडे बघत बसला. अर्धाच तास.

फोन वाजला. डोक्यावरचा बल्ब लख्ख पेटला.

"लागला, बाबा?" योगिता हसत होती.

"लागला."

"लाइन सुधारली त्यांनी, पण उशिरा. आधीच सुधारली असती, तर आई..."

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तोंडाशी हो आलंही होतं.

"लाइन चांगलीच होती, बाय," हरेश म्हणाला. "मी सळई ठोकून दिवा चालवला, तिनंच आईला धरलं. वायर मी वढली नव्हती. घरातच पडून होती. आज वढली. अर्धा तास लागला."

  तिकडून तिने बल्ब विझवला आणि फोन बंद केला.

 इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हरेशला रडू फुटलं. स्विच हाताच्या अंतरावर होता. त्याने तो दाबला नाही. लावायचा तर आता तिनेच लावावा, असं वाटून तो तिथेच बसून राहिला.